विश्लेषण : जुनी स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळते, पण सांभाळणे परवडते का?

लाख-सव्वा लाख किलोमीटर धावलेली वेगवान गाडी आता नव्या हॅचबॅकच्या किमतीत हाती येते. मात्र तिचा खरा खर्च खरेदीनंतर सुरू होतो. वाशिमसारख्या जिल्ह्यात, जिथून जाणकार वर्कशॉप दोनशे किलोमीटरवर आहे, तिथे हे गणित आणखी वेगळे ठरते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांच्या शिवारातून ताशी १२० किलोमीटर वेगाची परवानगी असलेला रस्ता गेला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वापरात आला. ज्या जिल्ह्यात काल-परवापर्यंत गाडी घेताना ‘ॲव्हरेज किती देते’ आणि ‘शेतात जाईल का’ हे दोनच प्रश्न विचारले जात, तिथे आता ‘पळते किती’ हा तिसरा प्रश्न आला आहे. नवी वेगवान गाडी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. जुनी मात्र मोबाइलवरच्या जाहिरातीत दिसते आणि सोयाबीनच्या चुकाऱ्यात किंवा थोड्या कर्जात बसेल, असेही वाटते. तो व्यवहार करण्याआधी काय पाहावे, गाडी घरी आल्यावर आधी काय करावे आणि मुळात ती घ्यावी का, याचा हा आढावा.

जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे नेमकी कोणती?

दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी ही स्पोर्ट्स कारची रूढ कल्पना. भारतात तशा गाड्या फार थोड्या बनल्या. डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये आणलेली अवंती ही त्यातली सर्वांत गाजलेली. मात्र आपल्याकडे जुन्या बाजारात ‘स्पोर्ट्स’ म्हणून जे विकले जाते, ते बहुधा रोजच्या वापराच्या गाडीचे वेगवान रूप असते. योगायोग असा की, त्यातल्या बऱ्याच गाड्या महाराष्ट्रातच तयार झाल्या.

स्कोडाच्या छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथील कारखान्याशी ऑक्टाव्हियाचे नाव २००१ पासून जोडलेले आहे. तिचे आरएस हे रूप २००४ मध्ये १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० बीएचपी ताकदीसह भारतात आले. २०१७ मध्ये २३० बीएचपीची ऑक्टाव्हिया आरएस २४ लाख ६२ हजार रुपये (एक्स-शोरूम) किमतीत दाखल झाली आणि तिच्या पहिल्या ५०० गाड्या झटपट संपल्या. २०२० मध्ये आलेल्या २४५ बीएचपीच्या आरएसच्या अवघ्या २०० गाड्या होत्या व किंमत ३५ लाख ९९ हजार. २०२५ मध्ये १०० गाड्यांची नवी तुकडी आली तेव्हा किंमत ५० लाखांच्या घरात पोहोचली. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३) आणि रांजणगावला बनलेली १४५ बीएचपीची अबार्थ पुंटो (२०१५) या त्याहून स्वस्त. पण चाहत्यांच्या मनात घर केलेल्या गाड्या.

थोडक्यात, राज्यातल्याच कारखान्यांत जन्मलेल्या या गाड्या आता आठ, दहा, बारा वर्षांच्या होऊन, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या शोधात आहेत.

त्या इतक्या स्वस्त का होतात?

कारण त्यांची देखभाल स्वस्त होत नाही. गाडीची बाजारातली किंमत दरवर्षी उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही, उलट वाढते. २४ लाखांची गाडी आठ-नऊ लाखांना मिळाली तरी तिचा टर्बो, तिचा गिअरबॉक्स आणि तिचे टायर २४ लाखांच्या गाडीचेच असतात. नवा मालक नेमका इथे फसतो. तो खर्चाचा अंदाज आठ लाखांच्या हॅचबॅकवरून बांधतो आणि पहिल्या मोठ्या बिलाला हबकतो.

दुसरे कारण वेळेचे. अनेक मालक मोठा खर्च समोर दिसू लागला की गाडी विकायला काढतात. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आली आहे, क्लच थरथरतो आहे, चारही टायर संपले आहेत, अशा टप्प्यावर गाडी बाजारात येते. त्यात गैर काही नाही, मात्र विक्रेत्याने टाळलेला तो खर्च खरेदीदाराच्या खात्यात जातो, हे किमतीची घासाघीस करताना लक्षात ठेवायला हवे.

किलोमीटरचा आकडा किती महत्त्वाचा?

वाटतो तितका नाही. आठ वर्षांत १ लाख २० हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला १५ हजार. ते महामार्गावर, गरम इंजिनावर आणि वेळेवर तेल बदलून झाले असतील तर अशी गाडी ४० हजार किलोमीटर शहरातल्या गर्दीत रखडत चाललेल्या, वर्षातून एकदाही सर्व्हिसिंग न झालेल्या गाडीपेक्षा उजवी असू शकते. इंजिनाची सर्वाधिक झीज थंड अवस्थेत सुरू करताना आणि जुन्या, घाण तेलावर होते. त्यामुळे ‘किती चालली’ यापेक्षा ‘कशी चालली’ हा प्रश्न मोठा.

अडचण अशी की, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे सहज मिळत नाही आणि पहिल्याचे खरे मिळेलच याची खात्री नाही. डिजिटल मीटर मागे फिरवणे हे काही मिनिटांचे काम आहे. म्हणून आकड्यावर विसंबण्याऐवजी पुरावे जुळवावेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस क्रमांकावरून मागील सर्व्हिसिंगच्या नोंदी आणि त्या वेळचे किलोमीटर मालकाच्या संमतीने मिळू शकतात. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे, टायरवरील उत्पादनाची तारीख, ब्रेक पेडलच्या रबराची आणि स्टीअरिंगच्या चामड्याची झीज हे सारे एकमेकांशी जुळायला हवे. मीटर ५० हजार दाखवतो आणि ड्रायव्हरच्या सीटची कड फाटली आहे, पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, असे असेल तर मीटरपेक्षा पेडलवर विश्वास ठेवावा.

परदेशात हा प्रश्न व्यवस्थेने सोडवला आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना ‘कार-पास’ हा किलोमीटरचा इतिहास दाखवणारा दाखला द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी नोंदवलेले किलोमीटर कोणालाही ऑनलाइन मोफत पाहता येतात. आपल्या ‘एमपरिवहन’वर नोंदणी, विमा, पीयूसीची माहिती दिसते, किलोमीटरचा इतिहास नाही. प्रत्येक गाडी ठरावीक काळाने पीयूसीसाठी जातेच. त्या वेळी मीटरचा आकडा नोंदवून तो ‘वाहन’ प्रणालीत दाखवणे अवघड नाही. जुन्या गाड्यांचा बाजार स्वच्छ करायचा असेल तर सरकारने आधी हे एक छोटे पाऊल उचलायला हवे. तोवर तपासाचे ओझे खरेदीदारावरच राहणार.

घेण्याआधी काय तपासावे?

पहिला नियम : गाडी थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावून कळते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. थंड इंजिन सुरू करताना येणारा साखळीचा खडखडाट, एक्झॉस्टमधून निघणारा धूर आणि अस्थिर आरपीएम बरेच सांगून जातात. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. गाडी गरम झाल्यावरही येणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट इंजिनात शिरते आहे. हा शेवटचा धूर दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

दुसरा नियम : स्कॅनर लावावा. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, पण युरोपीय गाड्यांच्या गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग यांच्यातील दोष पाहायला त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचा स्कॅनर लागतो. सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर तेही लक्षणच. याच वेळी सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे असणे हे एखादा आकडा मोठा असण्यापेक्षा महत्त्वाचे.

तिसरा नियम : गिअरबॉक्स शांतपणे तपासावा. पोलो जीटी टीएसआयमधील सात गिअरचा डीएसजी हा कोरड्या क्लचचा आहे. गर्दीत, चढावर, हळूहळू सरकताना तो थरथरत असेल किंवा गिअर घेताना धक्का देत असेल, तर खर्च मोठा आहे. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमधला सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा असतो. तो दणकट आहे, पण त्याचे तेल व फिल्टर साधारण दर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागतात. १ लाख २० हजार चाललेल्या गाडीत हे काम दोनदा झालेले असायला हवे. त्याची बिले मागावीत. बिल नसेल तर काम झालेले नाही असे धरून किंमत ठरवावी.

चौथा नियम : चेसिस आणि इंजिन क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आरसीशी जुळवावा. हा कंटाळवाणा वाटणारा मुद्दा किती गंभीर आहे, हे अवंतीच्या प्रकरणात दिसले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी या गाडीबाबत गुन्हा दाखल केला. एकाच इंजिन व चेसिस क्रमांकावर एकाहून अधिक गाड्यांची नोंदणी व कर्जे झाल्याचा आरोप त्यात होता. दुर्मीळ गाडी पाहून भान हरपलेल्या खरेदीदाराने क्रमांक न तपासता पैसे मोजले, तर गाडी आणि पैसा दोन्ही पोलीस ठाण्याच्या आवारात अडकू शकतात.

गाडी घरी आली. आधी काय करावे?

इथे बहुतेक नवे मालक उलटा क्रम लावतात. आधी काळ्या रंगाचे अलॉय, मोठा आवाज करणारे सायलेन्सर आणि फिल्म, मग जमले तर सर्व्हिसिंग. खरे तर पहिले तीन महिने गाडीला पूर्वस्थितीत आणण्यासाठीच द्यायला हवेत. आधीच्या मालकाने काय केले याची खात्री नसेल तर काहीच केले नाही असे समजून सुरुवात करावी.

- इंजिन तेल व फिल्टर : मॅन्युअलमध्ये दिलेल्या मानकाचेच तेल वापरावे. केवळ ‘५डब्ल्यू-४०’ हा जाडीचा आकडा जुळणे पुरेसे नाही. टर्बो तेलावरच जगतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. कंपनीने १५ हजार किलोमीटरचे अंतर दिले असले तरी जुन्या टर्बो इंजिनात सात-आठ हजारांवर तेल बदलणे शहाणपणाचे.

- टायमिंग बेल्ट : २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस आणि अबार्थ पुंटो यांच्या इंजिनांत बेल्ट असतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन मोडीत निघू शकते. बेल्ट किलोमीटरबरोबर वयानेही संपतो. नोंद नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदलावेत. कारण मजुरी एकदाच लागते. चेन असलेल्या इंजिनात थंड सुरुवातीचा आवाज आणि स्कॅनरवरील नोंदी पाहाव्यात.

- कूलंट : जुने पूर्ण काढून कंपनीने सांगितलेल्या प्रकारचेच भरावे. वेगवेगळ्या रंगांची मिश्रणे करू नयेत. थर्मोस्टॅटचे प्लास्टिक घर, होजपाइप आणि रेडिएटरचा पंखा याच वेळी तपासून घ्यावा.

- ब्रेक : ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. दर दोन वर्षांनी ते बदलावे लागते. डिस्कची जाडी मोजावी. नवे पॅड झिजलेल्या डिस्कवर लावून उपयोग नाही.

- स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, एअर फिल्टर : जोर लावताना गाडी अडखळत असेल तर बऱ्याचदा दोष इथेच निघतो, टर्बोवर संशय घेण्याआधी हे पाहावे.

- रबर : इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, व्हॅक्यूमचे पाइप. लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत हे भाग कडक होऊन चिरतात. नवे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर बसवले की गाडी पुन्हा रस्ता धरते. कोणत्याही ताकदवाढीपेक्षा हा फरक जास्त जाणवतो.

या सगळ्यासाठी पैसे आधीच बाजूला ठेवायला हवेत. ढोबळ ठोकताळा असा : हातात दहा लाख असतील तर गाडी सात लाखांचीच पाहावी, दोन लाख पहिल्या देखभालीसाठी आणि एक लाख अचानक येणाऱ्या बिघाडासाठी ठेवावा. दहा लाखांची गाडी घेऊन खिसा रिकामा करणारा मालक पहिल्याच वर्षी तडजोडीला लागतो आणि देखभालीतली तडजोड दुसऱ्या वर्षी दुप्पट होऊन परत येते.

वाशिमच्या मालकाची वेगळी अडचण कोणती?

विदर्भातील गावागावांत यामाहा आरएक्स-१०० अजून धावते. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ही मोटारसायकल आजही टिकली. कारण तिचे इंजिन साधे आहे आणि रिसोड असो की मानोरा, कोणताही अनुभवी मिस्त्री ते कानाने ओळखून दुरुस्त करू शकतो. तोच अनुभव डोळ्यांसमोर ठेवून टर्बो-डीएसजी गाडी घेतली तर फसगत होते. या गाडीचा दोष बऱ्याचदा कानाने ओळखता येत नाही, तो स्कॅनरवर वाचावा लागतो. गिअरबॉक्सचे तेल बदलतानाही तेलाचे तापमान मोजावे लागते. गावातल्या मिस्त्रीच्या हाताला दोष देण्यात अर्थ नाही. त्या गाडीची साधने आणि माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाहीत.

युरोपीय कंपन्यांची सर्व्हिस सेंटर आणि त्या गाड्यांतील जाणकार खासगी वर्कशॉप मोठ्या शहरांत एकवटली आहेत. वाशिमच्या मालकाला मोठ्या कामासाठी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. दोन्ही शहरे दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. म्हणजे प्रत्येक मोठ्या कामात जाण्या-येण्याचे पेट्रोल, एक-दोन दिवसांचा मुक्काम आणि भाग उपलब्ध नसेल तर दुसरी खेप हा खर्च धरावा लागतो. गाडी बंद पडली तर तो खर्च फ्लॅटबेड टोईंगचा होतो. म्हणून विम्यासोबत रस्त्यावरील मदतीची सोय घेताना ती आपल्या तालुक्यात आणि किती किलोमीटरपर्यंत लागू आहे, हे आधी विचारावे. फियाटसारख्या कंपनीने २०१९ च्या सुमारास आपल्या नावाच्या गाड्यांची भारतातील विक्री थांबवली. अबार्थ घेणाऱ्याने तर भाग कुठून मिळतील याचा शोध खरेदीआधीच पूर्ण केला पाहिजे.

यावर व्यवहार्य उपाय म्हणजे कामांची विभागणी. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर ही कामे योग्य प्रतीचे सामान स्वतः आणून गावातल्या विश्वासू मिस्त्रीकडे होऊ शकतात. गिअरबॉक्स, टायमिंग, टर्बो, इलेक्ट्रॉनिक्स ही कामे जाणकाराकडेच. दोन्ही ठिकाणच्या कामांची एक वही ठेवावी : तारीख, किलोमीटर, काय बदलले, कोणत्या कंपनीचे. पुढे गाडी विकताना हीच वही तिची किंमत टिकवते.

हवामानाचाही हिशेब आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा अर्धवट बुजलेला रेडिएटर किंवा इंटरकूलर उघडा पडतो. काढणीच्या दिवसांत हवेत धूळ आणि भुसा असतो. एअर फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाआधीच बदलावा लागतो. ताशी १०० च्या वेगाने आलेली गाडी टोल नाक्यावर किंवा धाब्यावर लगेच बंद करू नये. मिनिटभर संथ चालू ठेवावी, म्हणजे तापलेल्या टर्बोमधले तेल जळून चिकटत नाही.

ई-२० पेट्रोलने जुनी गाडी बिघडते का?

देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. जुन्या गाड्यांच्या मालकांत याची धास्ती आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील खुलाशात मोठ्या बिघाडाचा दावा फेटाळला. मात्र ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींत मायलेज १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के घटू शकते, तसेच काही जुन्या गाड्यांत ठरावीक किलोमीटरनंतर रबराचे काही भाग बदलावे लागू शकतात, हे मान्य केले. दहा-बारा वर्षांच्या गाडीसाठी या वाक्यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. इंधनाचे पाइप, सील, ओ-रिंग यांची तपासणी पहिल्या सर्व्हिसिंगच्या यादीत घालावी. पेट्रोलचा वास आला तर तो दुर्लक्षित करू नये; ती आगीची पूर्वसूचना असू शकते.

दुसरी बाब अशी की, इथेनॉल पाणी शोषते. पावसाळ्यात तीन-चार महिने अर्ध्या टाकीनिशी शेडमध्ये उभी राहणारी ‘हौसेची’ गाडी यामुळे अधिक त्रास देते. आठवड्यातून एकदा तरी ती पूर्ण गरम होईपर्यंत चालवावी आणि दीर्घकाळ उभी करायची असेल तर टाकी भरून ठेवावी.

समृद्धीवर नेण्याआधी काय पाहावे?

टायर. या एका मुद्द्यावर तडजोड नाही. सिमेंटच्या रस्त्यावर, उन्हाळ्यात, तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायर तापतात. कमी हवेचा किंवा जुना टायर अशा वेळी फुटतो. म्हणूनच परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासणीची मोहीम राबवली.

टायरच्या कडेवर चार आकडी क्रमांक असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांहून जुना टायर महामार्गावर नेऊ नये. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. पावसात मात्र तीनच्या खाली गेली की पकड कमी होते. वेगमर्यादेचे अक्षरही पाहावे : ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४० किलोमीटर. जुन्या गाडीला मागच्या मालकाने पैसे वाचवण्यासाठी खालच्या अक्षराचे टायर लावलेले आढळतात. कमी उंचीच्या टायरला खड्ड्याचा आणि गावातल्या गतिरोधकाचा मार थेट बसतो. कडेवर फुगवटा दिसला तर तो टायर त्याच दिवशी बदलावा.

२३० बीएचपीची गाडी १२० ची मर्यादा काही सेकंदांत ओलांडते. आठ वर्षांची झालेली ही गाडी तो वेग गाठते, पण थांबते का, हे तिच्या ब्रेक ऑइलवर, बुशवर आणि टायरवर ठरते. शेजारी आई-वडील किंवा मित्र बसलेले असतात तेव्हा हा फरक जिवाचा होतो.

कागदपत्रांत काय अडू शकते?

फॉर्म २९ आणि ३० भरून नाव हस्तांतरित करावे लागते. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत, खरेदीदाराने ३० दिवसांत कळवणे कायद्याने आवश्यक आहे. कर्ज असेल तर बँकेच्या ना-हरकतीसह फॉर्म ३५ लागतो. विम्याचे हस्तांतर १४ दिवसांत करून घ्यावे. तोवर थर्ड पार्टी संरक्षण चालू राहिले तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो. दलालामार्फत व्यवहार असेल तर एप्रिल २०२३ पासून लागू नियमांनुसार त्याच्याकडे परिवहन विभागाचे अधिकारपत्र असायला हवे.

दिल्लीत जुन्या गाड्यांवरील वयाच्या बंधनांमुळे तिथल्या गाड्या स्वस्तात मिळतात. पण परराज्यातील ना-हरकत, महाराष्ट्राचा कर आणि ‘एमएच-३७’ क्रमांक मिळेपर्यंतचा काळ यांचा हिशेब केला तर बचत बरीच आटते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१३ च्या पोलोची मुदत २०२८ मध्ये संपेल. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील गाडीसाठी दहा हजार रुपये झाले आहे. पर्यावरण कर वेगळा.

ताकद वाढवण्याचा मोह आवरावा का?

निदान पहिले वर्ष तरी. संगणकीय ‘रिमॅप’ने टर्बो गाडीची ताकद सहज वाढते, पण तो भार जुन्या क्लचवर, जुन्या टर्बोवर आणि जुन्या ब्रेकवर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यास कायदा परवानगी देत नाही, असे स्पष्ट केले आहे. बदल न कळवलेल्या गाडीचा दावा नाकारण्यास विमा कंपनीला कारण मिळते. आधीच्या मालकाने असे बदल केले असतील तर मूळ भाग सोबत मागून घ्यावेत.

मग घ्यावी की नाही?

ही घरातली एकमेव गाडी असेल, दवाखान्याला आणि बाजाराला तिच्यावरच अवलंबून राहायचे असेल, तर घेऊ नये. कर्ज काढून घेण्याइतपत तर मुळीच नाही. हप्ता आणि दुरुस्ती एकाच महिन्यात आली की आधी दुरुस्ती थांबते आणि गाडी अंगणात उभी राहते. अशा उभ्या गाडीची किंमत चालत्या गाडीच्या निम्मीही येत नाही.

पण रोजच्या कामाला दुसरे वाहन आहे, देखभालीचे पैसे वेगळे ठेवले आहेत, गाडीचा इतिहास बिलांसह हाती आहे आणि शिकण्याची तयारी आहे, अशा खरेदीदाराने लाख किलोमीटरच्या आकड्याला घाबरण्याचे कारण नाही. पुन्हा नव्याने मिळणार नाहीत अशा या गाड्या आहेत. त्या टिकवणारे हात लहान शहरांतही तयार व्हायला हवेत. वाशिमच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या एखाद्या तरुणाने चांगला स्कॅनर आणि त्याचे प्रशिक्षण घेतले, तर त्याला जिल्ह्यातच काम मिळेल आणि मालकाची नागपूरची एक खेप वाचेल.

तोवर नव्या मालकाने एवढे करावे : गाडीची किल्ली घेण्याआधी तिची बिले मागावीत. बिले नसतील, तर देखभालीचा तो सगळा खर्च स्वतःच्या नावावर धरून मगच किंमत सांगावी.